आधीच व्हायरसनं भरलेल्या कॉम्प्युटरवर अँटीव्हायरस किती साफ करतो, हे तपासायचं कसं?

काटेवाला_परभणी
राम राम मंडळी. थोडं लांबड आहे, सांभाळून घ्या.
दुकानात एका जिनिंगच्या वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर आलाय. विंडोज सेव्हन, ३२ बिट. टास्क मॅनेजर उघडंना, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचं कोठार) एडिटर उघडंना, सेफ मोडला (विंडोज कमीत कमी गोष्टींवर चालू करणं) जायला गेलं की निळी स्क्रीन येऊन रिस्टार्ट. पेनड्राईव्ह लावला की त्यात ऑटोरनची (लावताच आपोआप चालणारी) फाईल आणि सोबत एक काहीबाही नावाची फाईल आपोआप बसायलीय. काट्याचं सॉफ्टवेअर जुन्या व्हीबी सिक्स ह्या प्रोग्रॅमिंग भाषेतलं, ज्यानं करून दिलं त्यानं धंदाच बंद केला, सेटअपची सीडी कुणाकडं नाही, त्यामुळं फॉरमॅटचं नाव काढलं की शेठ अंगावर यायलेत.
मी आधी अख्ख्या हार्डडिस्कची इमेज (जशीच्या तशी प्रत) काढून ठेवली. आता तीच इमेज दुसऱ्या डिस्कवर टाकून एकेक अँटीव्हायरस चालवायलोय, एक झाला की परत इमेज टाकायची, म्हणजे प्रत्येकाला सारखाच घाण कॉम्प्युटर मिळतो. पण अडलंय कुठं तर एक म्हणतो शंभरच्या वर थ्रेट काढले, सगळं हिरवं. त्याच्यावर दुसरा चालवला की तो म्हणतो अजून आहेत. खरं कुणाचं धरायचं? "साफ झालं" हे ठरवायचं कशावरून?

फॉरमॅट_जिंदाबाद
फॉरमॅट मारा. विषय संपला.

लातूरची_तूरडाळ
अहो वर लिहिलंय की त्यांनी सीडी नाही म्हणून. न वाचता उत्तर द्यायची काय घाई झालीय, पीकविम्याची शेवटची तारीख आहे का आज?

मास्तर_लॅबवाले
नांदेडहून. कॉलेजची लॅब सांभाळतो, त्यामुळं ह्या प्रकाराशी जुनी ओळख.
काटेवाले, लक्षणांवरून हा सॅलिटी नावाच्या व्हायरसच्या खानदानातला वाटतोय. २००३ पासूनचा आहे, पण जुन्या मशिनीत अजून सापडतो. सेफ मोडच्या रजिस्ट्रीतल्या नोंदीच उडवून टाकतो, म्हणून तुमचा सेफ मोड चालंना. आणि हा नुसती वेगळी फाईल टाकून बसणारा नाही, हा तुमच्या चांगल्या ईएक्सईच्या (प्रोग्रॅमच्या फाईलच्या) आत घुसतो. त्यामुळं तुमचा प्रश्न दिसतो त्याच्यापेक्षा अवघड आहे. ट्रोजन (वेगळी फाईल म्हणून येणारा) असेल तर फाईल डिलीट केली की बहुतेक काम झालं. इथं फाईल डिलीट म्हणजे काट्याचं सॉफ्टवेअरच गेलं, इथं फाईल दुरुस्त करावी लागते.
ऑस्ट्रियात इन्सब्रुकला एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज नावाची टेस्टिंगवाली संस्था आहे, तिनं नेमकं हेच काही वर्षं तपासलं होतं. आधी मशीनला लागण करायची, रिस्टार्ट करून व्हायरस खरंच चालू आहे का बघायचं, मग अँटीव्हायरस टाकायचा, अपडेट करायचा, फुल स्कॅन, तो जे सांगेल ते करायचं, आणि शेवटी माणसानं हातानं तपासायचं की काय राहिलं. नुसतं निघालं का एवढंच नाही, तर काय उरलं आणि काढायला किती त्रास पडला ह्यालाही गुण. साध्या मोडमध्ये निघालं तर जास्त, सेफ मोड लागला तर कमी, बूट सीडीपर्यंत (विंडोज चालू न करता सीडीवरून मशीन चालवणं) जावं लागलं तर अजून कमी. जर्मनीतली मॅग्डेबर्गची एव्ही-टेस्ट सुद्धा एकेकाळी संरक्षणाच्या शेजारी "रिपेअर"चे वेगळे गुण द्यायची.
आपण जाहिरातीत जे नव्व्याण्णव टक्के वगैरे बघतो ते बहुतेक दारात अडवण्याचे आकडे असतात. आत आलेल्याला बाहेर काढणं ही वेगळीच परीक्षा.

सेतूवाला_गेवराई
माझ्या सेवा केंद्रावर एक जण इकार नावाची टेस्ट फाईल घेऊन आला होता, म्हणे ही टाकून बघा तुमचा अँटीव्हायरस चांगला का वाईट कळंल 😂 ती ६८ बाइटची फाईल, तिच्यात व्हायरस नसतोच, अँटीव्हायरस जागा आहे का झोपलाय एवढंच कळतं. साफसफाईचं काहीच कळत नाही तिच्यातून.
आणि त्या "शंभर थ्रेट काढले" वर जाऊ नका. काही प्रोग्रॅम ब्राऊजरच्या कुकीसुद्धा मोजतात, आकडा मोठा दिसला की गिऱ्हाईक खूश. एकच फाईल टेम्पमध्ये, रिसायकल बिनमध्ये आणि रिस्टोअर पॉइंटमध्ये असली तर तीनदा मोजली जाते.

औरंगपुरा_जुना_गडी
आमच्या काळची आठवण. २६ एप्रिल १९९९. सीआयएच, पेपरात चेर्नोबिल नावानं आला होता. तैवानच्या एका पोरानं लिहिलेला, विंडोज ९५ आणि ९८ वर चालायचा. त्या दिवशी सकाळी ज्यानं ज्यानं लागण झालेला कॉम्प्युटर चालू केला त्याच्या हार्डडिस्कची सुरुवातच पुसली गेली, काही बोर्डांची बायोस चिपसुद्धा. औरंगाबादेत, हो तेव्हा औरंगाबादच म्हणायचो, आमच्या गल्लीत रिपेअरवाल्यांकडं रांग.
काटेवाले, तुम्हाला सांगायचा मुद्दा असा की फाईलची साईज बघून साफ झालं ठरवू नका. हा सीआयएच ईएक्सईमधल्या रिकाम्या जागांमध्ये तुकडे तुकडे करून बसायचा, साईज एक बाइटनं वाढायची नाही. लोक साईज बघून निवांत बसायचे.

काटेवाला_परभणी
धन्यवाद काका. मी नेमकी साईजच बघायलो होतो. आणि मास्तर, बरोबर ओळखलं, सॅलिटीच दाखवायलाय.
आतापर्यंत जे दिसलं ते लिहितो. कंपन्यांची नावं घेत नाही, एका मशीनवरून कुणाला नावं ठेवणं बरोबर नाही. अ, ब, क, ड म्हणतो.
अ नं काट्याची ईएक्सई सरळ उचलून क्वारंटाईनमध्ये (अँटीव्हायरसच्या कोठडीत) टाकली. रिपोर्टमध्ये "यशस्वी". डेस्कटॉपवरचा आयकॉन पांढरा पडला.
ब नं दुरुस्त केली. प्रोग्रॅम उघडतो.
क नं पण दुरुस्त केली, उघडतो, पण साईज ब च्या फाईलपेक्षा कमी भरती.
ड म्हणतो दुरुस्त केली, पण डबल क्लिक केलं की "नॉट अ व्हॅलिड विन थर्टीटू ॲप्लिकेशन".
आणि चौघांच्याही रिपोर्टमध्ये हिरवी टिकच!

फॉरमॅट_जिंदाबाद
ऑपरेशन यशस्वी पण पेशंट गेला 🤣

मास्तर_लॅबवाले
असंच होतं. थोडं आतलं सांगतो. हा व्हायरस ईएक्सईच्या शेवटी आपला कोड चिकटवतो आणि प्रोग्रॅम जिथून सुरू होतो तिथले मूळ बाइट उचलून, गुंडाळून स्वतःजवळ ठेवतो, त्या जागी आपला तुकडा बसवतो. शिवाय प्रत्येक फाईलमध्ये वेगळ्या रूपात बसतो. दुरुस्ती करायची म्हणजे आधी तो गुंडाळलेला भाग उलगडायचा, मूळ बाइट जागेवर ठेवायचे, मग शेपूट कापायची. ड नं शेपूट कापली असेल पण डोकं नीट बसवलं नाही. व्हिरट नावाचा ह्याचाच एक भाऊबंद आहे, त्याचा कोडच इतका गचाळ की कधी कधी लागण करतानाच फाईल मोडते, मग जगातला कुठलाही अँटीव्हायरस ती परत जोडू शकत नाही.
तुमच्या टेस्टमध्ये खरी अडचण ही की तुमच्याकडं लागण व्हायच्या आधीची प्रत नाही. लॅबवाले आधी चांगल्या मशीनची इमेज काढतात, प्रत्येक फाईलचा हॅश (फाईलच्या अंगठ्याच्या ठशासारखा आकडा, एक बाइट बदलला तरी बदलतो) काढतात, मग लागण करतात. तुमच्याकडं गोष्ट मधूनच सुरू झालीय. कुठून तरी काट्याची मूळ ईएक्सई मिळवा. तोवर तुलना कशाशी करणार?

निळी_केबल
मूळचा हिंगोलीचा, आता पुण्यात आयटीत.
एक विचारायचंय काटेवाले, टेस्ट करताना नेट चालू ठेवता का बंद? बंद ठेवत असाल तर निकाल अर्धवट आहे. आजकालच्या बऱ्याच अँटीव्हायरसची अर्धी अक्कल क्लाऊडमध्ये, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर असते. नेट काढलं की विद्यार्थ्याला चष्मा काढून पेपर लिहायला बसवल्यासारखं.

सेतूवाला_गेवराई
आणि नेट चालू ठेवलं तर तो सॅलिटी बाहेरून अजून मित्रमंडळी बोलावून घेईल त्याचं काय? त्याचं आपसात बोलणारं नेटवर्क असतं. दर टेस्टला घाण वेगळी, मग सगळ्यांना सारखा पेपर कुठं राहिला. शिवाय दुकानातल्या बाकीच्या मशिनी त्याच राऊटरवर.

निळी_केबल
वेगळा मोबाईल हॉटस्पॉट द्या ना त्या मशीनला एकट्याला. शेअरिंग वगैरे काही नाही.

सेतूवाला_गेवराई
आणि तुमच्या हॉटस्पॉटवरून तो जगाला स्पॅम पाठवेल, नंबर कुणाच्या नावावर? तुम्हाला पुण्यात बसून सोपं वाटतं साहेब.

मास्तर_लॅबवाले
दोघंही बरोबर, म्हणून लॅबवाले नेटसहित आणि नेटशिवाय असे दोन्ही आकडे वेगळे छापतात. काटेवाल्यांच्या कामापुरतं मी म्हणेन नेट बंद, आणि व्याख्या (व्हायरस ओळखायच्या याद्या) दुसऱ्या कॉम्प्युटरवरून डाऊनलोड करून डीव्हीडीवर न्या. पेनड्राईव्ह नको, तो परत येताना सोबत घेऊन येतो. एसडी कार्डाच्या ॲडॅप्टरला लॉकचं बटण असतं पण ते मानायचं की नाही हे कार्ड रीडरच्या मर्जीवर असतं, त्याच्या भरवशावर राहू नका.

लातूरची_तूरडाळ
एक बिनकामाचा प्रश्न. एप्रिलमध्ये परभणीत फुल स्कॅन? कॅबिनेटचं झाकण काढून टेबलफॅन लावला का नाही? आमच्याकडं तर स्कॅन ऐंशी टक्क्यावर आला की लाईट जातीच, महावितरणला कळतं कसं काय म्हाईत.

काटेवाला_परभणी
फॅन लावलाय 😄 आणि यूपीएस पण. दुरुस्ती चालू असताना लाईट गेली तर अर्धी लिहिलेली ईएक्सई कुणाच्याच कामाची नाही.

धाराशिवची_ताई
मला वाटतं सगळे एक गोष्ट सोडून बोलू लागलेत. आमच्या क्लासच्या कॉम्प्युटरवर पोरांनी क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकलं आणि सगळ्या प्रश्नपत्रिका, नोट्स, फोटो, सगळ्याला वेगळंच एक्स्टेन्शन लागलं, फोल्डरात पैसे मागणारी चिठ्ठी. अँटीव्हायरस टाकला, त्यानं व्हायरस काढला, कॉम्प्युटर एकदम साफ. पण फाईली कुलूपबंदच. आता ह्या अँटीव्हायरसला तुमच्या टेस्टमध्ये किती गुण देणार? त्यानं त्याचं काम शंभर टक्के केलं आणि माझं एक टक्का पण नाही.

निळी_केबल
ताई, ते एसटीओपी-डीजेव्हीयू नावाचं रॅन्समवेअर (फाईली कुलूपबंद करून पैसे मागणारं) असणार, क्रॅकमधूनच येतो तो. नो मोअर रॅन्समची साईट बघा, डच पोलीस आणि युरोपोलनी २०१६ ला काही कंपन्यांना घेऊन सुरू केलीय, फुकट आहे. एमसिसॉफ्ट कंपनीचं त्याच्यासाठी डिक्रिप्टर (कुलूप उघडणारा प्रोग्रॅम) आहे. ऑफलाईन किल्लीनं (अनेकांना एकच) बंद झालं असेल तर शक्यता आहे, ऑनलाईन किल्ली (प्रत्येकाला वेगळी) असेल तर नव्या व्हेरियंटला बहुधा नाही. कुलूप लागलेल्या फाईली पुसू नका, बाजूला ठेवून द्या, कधी किल्ल्या बाहेर येतात. पैसे मात्र पाठवू नका.

धाराशिवची_ताई
ठेवल्यात. बघते.

फॉरमॅट_जिंदाबाद
आता सगळे मला हसले, म्हणून जरा गंभीरपणे लिहितो. मी फॉरमॅट का म्हणतो? २०१० चा फेब्रुवारी आठवा. मायक्रोसॉफ्टचं एक अपडेट आलं आणि कितीतरी एक्सपी मशिनी निळ्या स्क्रीनवर अडकल्या. सगळ्यांनी मायक्रोसॉफ्टला शिव्या घातल्या. नंतर निघालं काय, तर त्या मशिनींत अल्युरिऑन नावाचा रूटकिट (विंडोजच्या आत लपून बसणारा प्रोग्रॅम) आधीपासून बसलेला होता, अपडेटमुळं कर्नलची (विंडोजच्या गाभ्याची) फाईल बदलली आणि तो चुकीच्या जागी हात घालायला लागला. म्हणजे अपडेट येईपर्यंत मालकाला पत्ताच नाही! अँटीव्हायरस आपला टास्कबारमध्ये हिरवा. आणि गंमत म्हणजे काही दिवसांतच रूटकिट लिहिणाऱ्यांनी आपला माल दुरुस्त करून नवीन पाठवला, मशिनी चालू राहाव्यात म्हणून.
चालू विंडोजला विचारून "तुझ्यात काय आहे" हे कळत नाही, कारण उत्तर देणाराच त्याच्या ताब्यात. ज्या कॉम्प्युटरवर बँकेचं काम होतं, लोकांचे आधार-बिधार हाताळले जातात, तिथं मी कुठल्याही हिरव्या टिकेवर विश्वास ठेवणार नाही. काट्याच्या मशीनचं वेगळं, मान्य.

लातूरची_तूरडाळ
अरे हा माणूस एका ओळीपेक्षा जास्त लिहितो! आणि बरं लिहितो.

औरंगपुरा_जुना_गडी
विषय निघालाच आहे तर, पुण्याच्या क्विक हील अँटीव्हायरसचा उगम रिपेअरिंगच्या दुकानातलाच. कैलास काटकर आधी कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, मग कॉम्प्युटर, आणि गिऱ्हाइकांच्या मशिनी व्हायरसनं भरून यायला लागल्या म्हणून धाकटे भाऊ संजय यांनी त्या साफ करायचा प्रोग्रॅम लिहिला. ९५ सालची गोष्ट. आधी साफसफाई आली, दारावरचा पहारेकरी नंतर.

सेतूवाला_गेवराई
आता इथं मराठी माणूस विरुद्ध बाकीचे असा धागा होणार, मी निघालो 🏃
जाता जाता, सायबर स्वच्छता केंद्र म्हणून सर्ट-इनचं (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) आहे २०१७ पासून, त्यांच्या साईटवर बॉट (दुसऱ्याच्या हुकमावर चालणारे व्हायरस) काढायची फुकट टूल्स मिळतात. टेस्टमध्ये त्यातलं पण एक घ्या. सीडॅक ह्या सरकारी संगणक संस्थेचं यूएसबी प्रतिरोध पण तिथंच आहे, पेनड्राईव्हवर लगाम घालायला.

काटेवाला_परभणी
मंडळी, चांगली बातमी. जिनिंगच्या दिवाणजींच्या ड्रॉवरमध्ये, बिलबुकांच्या खाली, एक सीडी सापडली. वर मार्करनं "काटा बॅकअप" लिहिलेलं. सेटअप नाही पण काट्याची ईएक्सई आणि तेव्हाचा डेटाबेस आहे. सीडीवर एकदा लिहिलेलं बदलत नाही, म्हणजे तेव्हा मशीन चांगलं असेल तर ही प्रत पण चांगली. तीन वेगळ्या स्कॅनरनं बघितली, स्वच्छ.
आता तुलना. मूळ फाईल ७,२९,०८८ बाइट. लागण झालेली सत्तरेक केबीनं फुगलेली. ब नं दुरुस्त केलेली ७,३३,१८४, म्हणजे ४ केबी जास्त. क नं केलेली बरोब्बर ७,२९,०८८. मी नाचायचाच बाकी होतो. पण हॅश काढला तर क चा पण जुळंना!

मास्तर_लॅबवाले
वा, सीडी मिळाली हे भारी झालं. हॅश जुळला नाही म्हणून लगेच नापास करू नका. दोन्ही फाईली हेक्स एडिटरमध्ये (फाईलचा एकेक बाइट दाखवणारा प्रोग्रॅम) शेजारी उघडा आणि फरक कुठं आहे ते बघा. हेडरमध्ये (फाईलच्या सुरुवातीच्या माहितीत) शेवटच्या सेक्शनला "लिहायची परवानगी" तशीच राहिली असेल किंवा चेकसम बदललेला असेल तर तो चट्टा आहे, जखम नाही. सुरुवातीच्या पत्त्यावरचे बाइट वेगळे असतील तर मात्र खरंच गडबड.
आणि फायलीवर थांबू नका. डिस्क बाहेर काढून चांगल्या मशीनला दुसरी डिस्क म्हणून लावा, ऑटोरन बंद ठेवून, आणि मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्सचं ऑटोरन्स (आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींची यादी दाखवणारं) उघडून त्यात ऑफलाईन सिस्टिम निवडा. फॉरमॅटभाऊंनी जे म्हटलं, की उत्तर देणाराच ताब्यात, त्याच्यावर उपाय हाच, बाहेरून बघणे. स्टार्टअप, सर्व्हिसेस, ड्रायव्हर, शेड्यूल्ड टास्क. मग होस्ट्स फाईल, प्रॉक्सी, फायरवॉलच्या सवलतींची यादी. टास्क मॅनेजर, रजिस्ट्री एडिटर, सेफ मोड परत मिळाले का. बरेच अँटीव्हायरस व्हायरस काढतात आणि त्यानं बदललेल्या सेटिंग्ज तशाच सोडतात, गिऱ्हाईक म्हणतं अजून टास्क मॅनेजर उघडत नाही म्हणजे व्हायरस आहेच.

निळी_केबल
+१. आणि रिस्टार्ट करून परत बघा, मग पुन्हा एकदा. एक रिकामा पेनड्राईव्ह लावून अर्धा तास ठेवा, त्यात काही बसलं नाही तर बरं लक्षण.

काटेवाला_परभणी
उशीर झाला, मधे लग्नसराई. निकाल लिहितो.
क च्या फाईलमध्ये फरक फक्त हेडरमधले मोजके बाइट, मास्तर म्हणाले तसंच. सुरुवातीचा कोड मूळ सीडीसारखाच. ब च्या फाईलमध्ये सुरुवात बरोबर, पण शेवटी व्हायरसच्या कोडचा एक मेलेला तुकडा तसाच राहिलाय. चालत नाही पण आहे. म्हणूनच ब नंतर दुसरा स्कॅनर ओरडायला होता, माझ्या पहिल्या पोस्टमधलं कोडं ते हेच. दुसरा खोटा नव्हता आणि ब पण अगदीच खोटा नव्हता.
पण उलटं बघा. क नं फाईल सगळ्यात चांगली दुरुस्त केली आणि सेफ मोडला हात पण लावला नाही, टास्क मॅनेजर बंदच. ब नं दोन्ही चालू करून दिले. अ नं काहीच दुरुस्त केलं नाही पण बाहेरून बघितलं तर सगळ्यात कमी उरलेलं त्याचंच, कारण जे दिसलं ते उडवलं. ज्याच्याकडं सगळ्या सीडी आहेत त्याला अ चालंल. शेठला अ म्हणजे काटा बंद.
लिनक्सवरून बूट होणारी रेस्क्यू डिस्क शेवटी चालवली, व्हायरस झोपलेला असताना स्कॅन, तिनं वरच्या चौघांपैकी कुणालाच न दिसलेली एक ड्रायव्हर फाईल काढली. मला विचाराल तर ह्यापुढं सुरुवात तिथूनच करायची, चालू विंडोजवर अँटीव्हायरस टाकणं नंतर.

फॉरमॅट_जिंदाबाद
आणि काटा बरोबर चालतोय का? कॉमपोर्टवरून (काट्याची वायर लागते ती जागा) वजन येतंय का? नुसती विंडो उघडली म्हणजे झालं नाही.

काटेवाला_परभणी
ते जागेवर जाऊनच बघितलं. भरलेला ट्रॅक्टर उभा केला, इंडिकेटरवरचा आकडा आणि स्क्रीनवरचा आकडा एकच, पावती निघाली, रिकामा करून परत घेतला, नेट वजन बरोबर. पण मशीनवर शेवटी दुरुस्त केलेली ईएक्सई ठेवलीच नाही, सीडीवरची मूळ टाकली. डेटाबेस चालू सालचाच, त्यात व्हायरस बसत नव्हता. नेटची केबल काढून टाकली, तसं पण सेव्हनचे अपडेट २०२० ला बंद झालेत. इमेज दोन डिस्कवर, एक शेठच्या तिजोरीत.

धाराशिवची_ताई
शेठनी किती दिले एवढ्याचे?

काटेवाला_परभणी
फॉरमॅटचे जेवढे घेतो तेवढेच 😐 म्हणे "नुसता व्हायरस तर काढलास".

सेतूवाला_गेवराई
हे मात्र अख्ख्या मराठवाड्यात सारखंच. बरं, त्या सीडीची कॉपी काढली का?

काटेवाला_परभणी
काढली. दोन.

नवा_मेंबर_जालना
नमस्कार, माझ्या पेनड्राईव्हमधले सगळे फोल्डर शॉर्टकट झालेत, कोणता अँटीव्हायरस टाकू?

फॉरमॅट_जिंदाबाद
फॉरमॅट मारा.

मास्तर_लॅबवाले
थांबा थांबा, मारू नका! फोल्डर आतच आहेत, नुसते लपवलेत. वेगळा धागा काढा, लपवलेलं परत दाखवणारी ॲट्रिबची कमांड तिथं सांगतो, आणि तोवर त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका.